अंड्यासारखी विहीर

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणीही माणूस जाडच दिसायचा. तालमीतला पैलवान असो की वाळून काटकुळी झालेली म्हातारी, गाल आपले दोन्हीकडं पसरलेले. भूमच्या एसटी स्टँडजवळच्या बोळात माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, काय म्हणाल ते. गिऱ्हाईक फोटोला बसायचं, पडद्यावर स्वतःला बघायचं आणि दचकायचं. "ओ, म्या एवढा फुगलोय का?" माझं उत्तर पाठ होतं. डोकं वर न करता मी म्हणायचो, "पडदा ताणतोय, छापल्यावर नीट येतंय." दिवसातनं दहा वेळा तरी. पुढं पुढं तर कुणी विचारायच्या आधीच ते वाक्य तोंडातनं सुटायचं.

भानगड साधी होती. कॉम्प्युटर माझा जुना, आणि पडदा मी मागनं घेतलेला, नव्या टीव्हीसारखा लांबट. कॉम्प्युटरला वाटायचं, पडदा अजून जुन्यासारखाच चौकोनी आहे. तो चौकोनी चित्र पाठवायचा आणि पडदा ते ओढून आपल्या अंगाला बसवायचा. धाकट्याचा सदरा थोरल्यानं घातल्यावर बटणं ताणतात, तसं. तीन बोटं रुंदीची वस्तू चार बोटं दिसायची, उंची मात्र तेवढीच. सेटिंगमध्ये मापांची यादी येते, तीत या पडद्याचं माप नव्हतंच. ते हातानं भरावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण कोण करतंय ती कटकट! एक आकडा चुकला की पडदा काळा होतो आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. छापून तर सगळं नीट यायचं. तीन वर्षं तसंच चालवलं.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढं मी म्हणालो की मला ठाऊक नव्हतं, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आम्ही दोघं भावंडं. मी थोरला, बहीण माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. ती दिलीय माकणीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथनं निघायचं म्हणजे लोहारा, मग धाराशिव, मग भूमची गाडी, असा दिवस मोडतो. आमचं रान भूमपासून सात किलोमीटरवर. पश्चिमेला डांबरी रस्ता, पूर्वेला ओढा. आकार सुपासारखा, रस्त्याच्या कडेला आखूड, ओढ्याच्या कडेला लांब फाकलेला. रस्त्याकडं मुरमाड, ओढ्याकडं काळी, मऊ माती, आणि मधोमध दगडी बांधाची गोल विहीर. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गुडघ्यांनी दगा दिल्यावर ठरवलं की आपल्या डोळ्यांदेखत वाटणी करून टाकायची. दोघांत. गावात लोकांनी भुवया उंचावल्या. आमच्याकडं बहिणी हक्कसोडीवर सही करतात, साडीचोळी घेतात आणि डोळे पुसत गाडीत बसतात. आमची न्हाय बसली. "मला साडी नको," म्हणाली. "सासरी कुणी बोललं, तर माझं बी एक रान हाय, येवढं म्हणता यावं. सीताफळं लावीन. त्याला पाणी बी लई लागत न्हाय."

मी लगेच हो म्हणालो. चारचौघांत छाती काढून सांगितलं की माझी काही हरकत नाही. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मलाही ते खरं वाटलं.

अण्णांचा एक नियम होता, आणि तो आमच्या घरात देव्हाऱ्याइतकाच पक्का. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. कलिंगड असो, गुळाचा खडा असो, बाजारातनं आणलेली भेळ असो. वाटे पाडणाऱ्यानं मागं उरेल ते घ्यायचं. त्यामुळं माझा हात लहानपणीच एवढा नेमका झाला की कलिंगडाच्या दोन फाका तराजूत घातल्या तरी काटा हलला नसता. धाकटीला मोठी फाक जाऊ नये म्हणून शिकलेला नेमकेपणा तो. लोक त्याला न्याय म्हणायचे.

वाटणीलाही तोच नियम. मी गावनकाशावरनं रान कॉम्प्युटरवर उतरवलं आणि दोन वाटे पाडले. एक पिवळा, एक हिरवा. हिरवा म्हणजे ओढ्याकडची काळ्या मातीची पट्टी, उत्तर-दक्षिण लांब. पिवळा म्हणजे रस्त्याकडचा ऐसपैस तुकडा, विहीर त्यात, पाणी दोघांचं. गुंठे दोन्हीकडं बरोबर सारखे. वर पट्टीची माती भारी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की यानं स्वतःकडं मुरूम ठेवला. पण मला रस्त्याकडचाच तुकडा पाहिजे होता. उद्या तिथं पत्र्याचं शेड टाकायचं, दुकान तिथं न्यायचं, हे मी किती दिवस मनात घोळवत होतो. ओढ्याकडच्या पट्टीला एकच खोट होती. ती चिंचोळी होती. मधे उभं राहून दोन्हीकडचे बांध दगडानं गाठता यावेत, येवढीच रुंद.

बाजाराच्या दिवशी अण्णांना रिक्षात घालून दुकानात आणलं. बहीण सकाळच्या गाड्या बदलत दुपारी पोचली, तोंडावर पाणी मारलं आणि पडद्यासमोर बसली. लग्नानंतर वीस वर्षांत ती रानात फार तर दोनदा गेली असेल. पडद्यावर रान पसरलेलं होतं. हिरवी पट्टी चांगली भरल्या अंगाची दिसत होती. आणि विहीर दिसत होती कोंबडीच्या अंड्यासारखी, आडवी.

मी त्या अंड्याकडं बघितलं. नंतर बघायचं टाळलं.

तिनं काळ्या मातीवर बोट ठेवलं. म्हणाली, "हितं सीताफळ लई छान येईल." मग थांबली. "दादा, पण लई चिंचोळं न्हाय ना? आमच्या सासरी एक तुकडा तसा हाय. कुळवाची उभी पाळी घालता येती, आडवी घालायची म्हटलं की औत वळंस्तोवर बांध येतो."

मी म्हणालो, "समोर दिसतंय की."

बास, येवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही. प्रिंटर माझ्या मांडीला लागून होता. एक कागद काढून तिच्या हातात द्यायला किती वेळ लागला असता? गिऱ्हाइकाला दिवसातनं दहा वेळा सांगायचं ते वाक्य त्या दिवशी नेमकं तोंडातनं सुटलं नाही. तिनं आणखी थोडा वेळ बघितलं आणि हिरव्यावर बोट दाबलं. "ही माझी." अण्णांनी मान हलवली. मी चहा सांगितला.

वाटणीचा कागद करायचा होता पुढच्या सोमवारी. मधले दिवस मी नुसता धुमसत होतो. बायकोनं भाजीत मीठ जास्त झालं का विचारलं, तर तिच्यावर ओरडलो. एका गिऱ्हाइकानं फोटोत जाड दिसतोय म्हटल्यावर "जा मग दुसरीकडं" म्हणालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. सारखं स्वतःला समजावायचो की गुंठे सारखे आहेत, माती भारी आहे, तिनं तिच्या तोंडानं मागितलंय. सगळं खरं होतं आणि तरी जेवण जात नव्हतं.

सोमवारी ती आदल्या रात्री मुक्कामाच्या गाडीनं येऊन घरीच होती. आम्ही तिघं सकाळीच दुकानात आलो. अण्णा दारातल्या खुर्चीत टेकले. कागद टाईप करून ठेवलेला, फक्त तिचे पासपोर्ट फोटो राहिले होते. तिला निळ्या कापडासमोर बसवलं, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर घेतला. ती माझ्या खांद्यावरनं वाकून बघायला लागली आणि खळखळून हसली.

"अगं बया! म्या येवढी रुंद कधी झाले?"

आणि माझ्या तोंडातनं, सवयीनं, डोकं वर न करता सुटलं, "पडदा ताणतोय, छापल्यावर नीट येतंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी बोटं जागच्या जागी थांबली. मागं तिचं हसू हळूहळू बंद झालं.

"दादा," ती म्हणाली, "मंग परवा रान बी ताणलेलं हुतं का?"

दारातनं अण्णांचा आवाज आला. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, कान नाही गेले. "तुला ठाऊक हुतं का? सोनारीच्या भैरोबाची आण घालून सांग."

आमच्या घरात त्या भैरोबाची आण कुणी खोटी घेतलेली नाही. अण्णा जवानीत दर वर्षी चालत सोनारीला जायचे, मलाही लहानपणी खांद्यावर नेलेलं. मी म्हणालो, "व्हय. ठाऊक हुतं."

मला वाटलं, आता दोघं तुटून पडतील. तसं झालं असतं तर मीही ओरडलो असतो, माझं तोंड त्यात तयार आहे. गुंठे सारखे आहेत, मोजून घ्या, असं टेबल आपटून म्हणायची माझी तयारी होती. पण बहीण स्टूल ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "पडदा नीट कर. मला बघायचंय."

मी तिचा फोटो बाजूला सारून रानाचा नकाशा समोर आणला आणि सेटिंग उघडलं. यादीत माप नाहीच. हातानं भरायची खिडकी काढली. पडदा ठिपक्यांत मोजतात; रुंदीच्या चौकटीत तेराशे सहासष्ट ठिपके भरले, उंचीच्या चौकटीत सातशे अडुसष्ट. बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. ती म्हणाली, "मोडलं?" मी म्हणालो, "न्हाय, माप पसंत पडलं न्हाय. येईल आपोआप." अशा वेळी कॉम्प्युटर पंधरा सेकंद वाट बघतो आणि काही उत्तर आलं नाही की आधीचं चित्र परत आणतो. त्या पंधरा सेकंदांत काळ्या काचेत आम्हा दोघांची तोंडं दिसत होती. मला मनातनं वाटलं, हा असाच काळा राहिला तर बरं होईल. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

चित्र परत आलं, तसंच ताणलेलं. "सहा ठिपके कमी करून बघतो," म्हणत मी तेराशे साठ भरलं. जुन्या यंत्रांना ते आठाच्या पाढ्यातलं माप चालतं. पुन्हा दाबलं.

या वेळी पडदा एकदा मिचकला आणि रान दिसलं. आपलं रान. विहीर गोल झाली होती, लहानपणी आम्ही दोघं वाकून आत दगड टाकायचो तशी गोल. आणि ओढ्याकडची हिरवी पट्टी आक्रसून उभी होती, वेणीतनं लोंबणाऱ्या फितीसारखी. वर एक छोटी चौकट आली, 'हे सेटिंग ठेवायचं का?' आणि खाली आकडे उलटे पळायला लागले. पंधरा, चौदा, तेरा. माझा हात माऊसवर होता, पण दाबवेना. ती त्या पट्टीकडं बघत होती. आकडे संपले आणि पट्टी पुन्हा रुंद झाली, विहीर पुन्हा अंडं.

ती काही ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "दादा, तू शेंगा बी अशाच पसरायचास."

खळ्यावरनं भुईमुगाच्या शेंगा आणल्या की मी दोन वाटे पाडायचो. एक ढीग उंच रचायचो, दुसरा जमिनीवर ऐसपैस पसरायचो. पसरलेला दिसायला मोठा, असायचा लहान. ती पाच-सहा वर्षांची, दर वेळी पसरलेलाच उचलायची आणि टाळ्या वाजवायची. पस्तीस-चाळीस वर्षं मी समजत होतो की हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

"तुला कळायचं?" मी विचारलं.

"तवा न्हाय. मोठी झाल्यावर माझ्या पोरांना वाटून देताना कळलं." मग म्हणाली, "मला राग न्हाय आला तवा. शेंगाच हुत्या. पण हे रान हाय, दादा."

माझे डोळे भरून आले. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभं, आणि मी बाहीनं नाक पुसतोय. गिऱ्हाइकाला अण्णांनीच हात करून लावून दिलं.

अण्णा तिला म्हणाले, "पोरी, तुझं उचलणं मोडलं. दुसरा वाटा घे. रस्त्याकडचा."

मला वाटलं, झालं. घेतला तिनं. घ्यायलाच पाहिजे, तिचा हक्क आहे. शेड गेलं, दुकान गेलं, गेलं ते चांगल्यासाठीच गेलं असंही मनात येऊन गेलं.

"न्हाय अण्णा," ती म्हणाली. "म्या रस्त्याकडचा घेतला तर पट्टी याच्याकडं जाईल, अन् हा जन्मभर आडवी पाळी घालताना माझ्या नावानं बोटं मोडंल. वाटंच वाकडं पडल्यात." मग माझ्याकडं वळली. "आता वाटं म्या पाडते. तू उचल."

आमच्या घरात धाकट्यानं वाटे पाडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तरी अण्णांनी मान हलवली.

मी पुन्हा माप भरलं. पुन्हा ती चौकट आली, आकडे पळायला लागले. या वेळी तिनंच माऊस माझ्या हाताखालनं काढून घेतला आणि 'ठेवा'वर दाबलं. "सहा ठिपकं कमी भरलंस ना?" म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे तुझ्याकडं." तेवढ्यातही चेष्टा सुटली नाही तिची.

मग म्हणाली, "कागदावर काढून दे." मी दोन्ही रंग पुसले, कोरं रान छापलं आणि तिच्या हातात दिलं. पहिल्यांदाच. तिनं तो कागद टेबलावर ठेवला, वरची कड खालच्या कडेला आणली, उजेडाला धरून बांध बांधावर बसवला, आणि नखानं घडी दाबली. घडी उलगडली. रेघ पूर्व-पश्चिम गेली होती, रस्त्यापासनं ओढ्यापर्यंत, बरोबर विहिरीच्या मधनं. दोन्ही वाट्यांना रस्ता, दोन्हींना ओढा, दोन्हींना अर्धा मुरूम, अर्धी काळी माती. दोन्हीकडं उभी-आडवी पाळी बसेल येवढी रुंदी. इतकं सोपं. मला हा वाटा सुचला नव्हता, असं म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही.

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. "उचल."

जन्मात कधी मी आधी उचललं नव्हतं. वाटे पाडणाऱ्याला सगळं दिसत असतं; उचलणाऱ्याला त्यानं दाखवलेलंच दिसतं. वरचा वाटा बघितला, खालचा बघितला. कागद फिरवून बघितला. खरं सांगतो, त्या क्षणीही माझा डोळा मोठा कुठला तेच शोधत होता. सापडत नव्हता. "तू दे तो घेतो," मी म्हणालो.

"न्हाय. बघून उचलायचं."

"अगं, दोन्ही सारखेच हायेत."

"मंग खात्री कर. पंधरा सेकंदाची घाई न्हाय हितं. रानात जायचं तर रानात जाऊ, पावलं टाकून बघ."

आणि ती खरंच उठली. त्या दिवशीचा कागद झालाच नाही, तो पुढच्या सोमवारी झाला. अण्णांना रिक्षात बसवून बांधावर नेलं. भर उन्हात मी या बांधापासनं विहिरीपर्यंत पावलं मोजली, विहिरीपासनं त्या बांधापर्यंत मोजली, आणि ती पदर डोक्यावर घेऊन विहिरीच्या काठावर बसून राहिली. एकदाही म्हणाली नाही की आता बास. मी परत येऊन शेजारी बसलो आणि म्हणालो, "वरचा घेतो."

"नीट बघितलास ना?"

"बघितला."

"मंग झालं," म्हणाली आणि विहिरीत एक खडा टाकला.